अक्रोड न पिकणाऱ्या खोऱ्यातला अक्रोडाचा टार्ट

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातील एंगाडिनर नुसटोर्टे हा पदार्थ मला त्याच्या चवीइतकाच त्याच्या इतिहासामुळे प्रिय आहे. खुसखुशीत पिठाच्या दोन पोळ्यांमध्ये कॅरॅमल, क्रीम आणि अक्रोडाचे तुकडे भरून भाजलेला हा गोल टार्ट आज एंगाडिन खोऱ्याची ओळख मानला जातो. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवरच्या वरच्या एंगाडिनात अक्रोड पिकत नाही.

मग हा पदार्थ तिथे रुजला कसा? याचे उत्तर त्या प्रांताच्या गरिबीत आणि स्थलांतरात आहे. डोंगरातली तुटपुंजी शेती सर्वांना पोसू शकत नसल्यामुळे इथली मुले कोवळ्या वयात घर सोडत आणि परमुलखात मिठाईचा धंदा शिकत. व्हेनिसमध्ये तर त्यांनी या व्यवसायात मोठेच स्थान मिळवले होते. १७६६ मध्ये व्हेनिसने त्यांना बाहेर काढल्यावर ते युरोपभर पांगले आणि बर्लिन, वॉर्सा, सेंट पीटर्सबर्ग अशा शहरांत त्यांची दुकाने व कॉफीगृहे उभी राहिली. रशियन कवी पुश्किन १८३७ मध्ये आपल्या अखेरच्या द्वंद्वयुद्धाला निघण्यापूर्वी ज्या कॉफीगृहात थांबला, तेही मूळच्या ग्राउब्युंडनच्याच मिठाईवाल्यांचे होते. ज्यांचे बस्तान नीट बसले, त्यांपैकी काही जण गावी परतले आणि त्यांनी ऐसपैस घरे बांधली. पोस्कियावो गावात स्पेनहून परतलेल्यांच्या अशा घरांची एक अख्खी वस्ती आजही आहे.

नुसटोर्टे याच परंपरेतून आले. सामेदान येथील मिठाईवाले फाउस्टो पुल्ट यांनी १९२६ च्या सुमारास ते विक्रीस आणले, म्हणजे आजच्या रूपातला हा पदार्थ शंभरएक वर्षांचाच आहे. पण पदार्थ नवा आणि अक्रोड बाहेरचे, एवढ्यावरून त्याचे स्थानिकपण खोटे ठरवण्याची घाई मला अन्यायाची वाटते, कारण या खोऱ्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पडली आणि त्यांनी कमावलेले कसब हेच इथले खरे पीक होते.

सारणातली साखर पाण्याशिवाय, मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत वितळवावी लागते; ती जराशी जास्त करपली तरी सारण कडवट होते. साखर भरपूर आणि ओलावा कमी असल्यामुळे हा टार्ट कित्येक आठवडे टिकतो, आणि म्हणूनच तो टपालाने दूरवर पाठवता येतो.