सेमाडोहच्या सागवनातला रानपिंगळा

परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोह गाठलं की दोन्ही अंगांना सागाचं रान लागतं. रानपिंगळा या छोट्या घुबडासाठी मेळघाटात यावं ते जानेवारी-फेब्रुवारीत. पानगळ झालेली असते आणि जोड्या बोलत्या झालेल्या असतात. घुबड म्हणून रात्री शोधाल तर हात हलवत परताल, कारण हा दिवसा वावरणारा पक्षी आहे. सकाळी ऊन अंगावर आलं की उघड्या फांदीवर येऊन बसतो.

खरी गफलत होते ती साध्या पिंगळ्याशी. त्याच्या डोक्यावर नि पाठीवर पांढरे ठिपके असतात आणि तो गावालगतच्या आंब्या-वडावर सापडतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीचा मधला भाग सलग तपकिरी, पोट पांढरंशुभ्र. पाय पिसांनी भरलेले, पंजे अंगाच्या मानाने दांडगे. आम्हाला दिसलेला नर ऐनाच्या वाळक्या झाडावर होता. शेपटी सारखी डावी-उजवी झटकत जमिनीकडे टक लावून बसलेला. खाली पाला खसखसला आणि तो दगडासारखा सुटला. परत आला तेव्हा पंजात सापसुरळी होती.

सरडे, सापसुरळ्या, उंदीर हे त्याचं मुख्य खाणं. म्हणूनच त्याला तळ मोकळा असलेलं विरळ रान लागतं. घरट्याला मात्र झाडाची आयती ढोली हवी, कारण ती स्वतः कोरणं त्याला जमत नाही. मादी बहुधा दोन अंडी घालते. ती उबवत असताना शिकारीचा भार नरावर असतो. पिल्लं महिन्याभरात ढोलीबाहेर येतात. ढोलीची जुनी, वठलेली झाडं सरपणासाठी तुटतात, वणव्यात जळतात, आणि सगळं अडतं ते इथेच. वरून रान हिरवं दिसतं, पण घरट्याला जागा उरत नाही.

१८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. तो पुन्हा सापडला तो नोव्हेंबर १९९७ मध्ये, नंदुरबारमधल्या शहाद्याजवळ. पुढे तो मेळघाटात आणि तानसा अभयारण्यातही आढळला. आजही तो संकटग्रस्तच आहे.

एक कळकळीची विनंती: मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका. हद्द राखायला नर लगेच धावून येतो, तेवढा वेळ शिकार थांबते आणि ढोलीतली मादी उपाशी राहते. वनखात्याची परवानगी घ्या, स्थानिक कोरकू वाटाड्या सोबत ठेवा आणि दुर्बिणीतूनच पाहा. तुमच्याकडे तोंड करून तो डोकं वरखाली करू लागला, तर फार जवळ गेलात असं समजा आणि सावकाश मागे सरा.