साडेसोळा सेकंदांची बादली

गेल्या आठवड्यात आमच्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नववीच्या मुलांसाठी हायड्रॉलिक्स लॅब, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाची प्रयोगशाळा, उघडली होती. सहा गट, प्रत्येकाला २५ मिनिटं. विषय क्युसेक. कोयना धरणातून किती सोडलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं, ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, वीस लिटरचे जवळपास दीड जार, हे कुणी सांगितलेलं नसतं. १०,००० क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर, दर सेकंदाला. दुष्काळी जतकडची मुलं आधी हसली, मग गप्प झाली.

मोजायचं व्ही-नॉचवर. टाकीच्या तोंडाशी पत्रा, त्याला ९० अंशांचा काप. कापाच्या टोकापासून पाणी किती वर आहे ते मीटरमध्ये घ्यायचं, त्याचा वर्ग गुणिले त्याचंच वर्गमूळ गुणिले १.४२, की प्रवाह सेकंदाला किती घनमीटर ते मिळतं. उंची दुप्पट केली तर प्रवाह साडेपाच पटीच्या वर जातो. हे मुलांना पटत नाही, म्हणून बादली: ती किती सेकंदांत भरते ते घड्याळावर मोजायचं आणि सूत्राशी ताडून बघायचं.

उंची नॉचपाशी मोजायची नाही. तिथे पाणी खाली ओढलं जातं. उंचीच्या चौपट तरी मागे हुक गेज, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी आकडीची पट्टी, लावायचा. पंपाचं पाणी उसळतं, म्हणून मध्ये जाळी. पत्र्याची कड धारदार आणि उतार बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर कमी प्रवाहात धार सुटून पडत नाही, पत्र्याला चिकटून खाली घरंगळते. घड्याळावर बोटाची चूक पाव सेकंद धरा. म्हणून ४ सेंटिमीटरला १० लिटरची बादली चालते. ८ ला ती चार सेकंदांच्या आत भरते, तिथे ६० लिटरचा ड्रमच पाहिजे.

गेज ४ सेंटिमीटरवर. सूत्राप्रमाणे बादलीला २२ सेकंद. पहिल्या तीन गटांनी लिहिलं २१.८, २२, २२.३. चौथ्याचे आले १६.४. आमचे एक सर फोटोच्या गडबडीत होते (बॅनर सरळ दिसला पाहिजे, ॲडमिशनचा मोसम), ते जाता जाता म्हणाले, "बटण उशिरा दाबताय." गटातली मुलगी म्हणाली, "सर, पाचही वेळा सारखंच उशिरा?"

पाच आकडे १६.२ ते १६.६ मध्ये होते. बोटाची चूक अशी नसते, ती दोन्हीकडे सांडते. ८ सेंटिमीटरला ड्रम २३ ऐवजी २० सेकंदांत भरला. म्हणजे दोन्हीकडे पाणी जास्त, पण कमी उंचीला फरक मोठा. असं झालं की गेजच्या शून्याकडेच बघायचं, ते कापाच्या टोकाच्या पातळीला हवं. पंप बंद केला. पाणी निथळून थांबेल तिथे शून्य धरायचा मोह होतो, पण पृष्ठताणामुळे ते टोकाच्या एक-दोन मिलिमीटर वरच अडून राहतं. म्हणून टोकावर सरळ पट्टी टेकवून स्पिरिट लेव्हलने रेघ गेजपर्यंत आणली. शून्य ५ मिलिमीटर वर. आदल्या दिवशी सफाईसाठी गेज काढला होता. परत बसवला मीच, तपासला नाही. खरी उंची ४.५ होती, आणि ४.५ ला उत्तर १६.४ च येतं.

मग बाकीच्यांना २२ कुठून मिळाले?

कागद परत मागवले. दोनांवर खोडरबराखाली १६ दिसत होतं. आणि प्रत्येक कागदावर शेवटचा रकाना छापलेला: 'अपेक्षित उत्तर: २२'. तो रकाना आमचाच. मुलांना काय बोलणार? शाळेतल्या प्रयोगवहीत त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलंय, आणि आमची इंजिनिअरिंगची मुलंही जर्नलमध्ये आधी उत्तर आणि मग रीडिंग लिहितात. आमच्या डोळ्यांदेखत लिहितात. शेवटच्या दोन गटांना शून्य दुरुस्त करून बसवलं, त्यांचे २२ खरे होते. मात्र कागद पाहून ते ओळखता येत नाहीत. अचूक मापनाचं बक्षीस तोवर २२ नेमके लिहिणाऱ्या गटाला देऊनही झालं होतं.

निघताना ती मुलगी मागे थांबली. "मॅडम, आयर्विनच्या पट्टीचं शून्य कोण तपासतं?"

नदीच्या गेजचं शून्य समुद्रसपाटीवरून ठरवलेल्या बेंचमार्कशी, म्हणजे उंचीच्या पक्क्या खुणेशी, बांधलेलं असतं, पट्टी वाहून गेली तरी तिथून मोजून पुन्हा बसवता येते, असं सांगितलं. तिने कागद उलटा करून ते लिहून घेतलं. पुढच्या बाजूला छापील २२ च्या शेजारी तिचे १६.४ तसेच होते.