तिसरा न्हिदला

उचकी लागली की आमच्याकडे नावं घ्यायची पद्धत आहे. कुणीतरी आठवण काढतंय हे ठरलेलंच असतं, प्रश्न फक्त कोण एवढाच. मग बेळगावचा मामा, दादरची आत्या, पेडण्याची वन्सं अशी एकेक नावं घेत जायचं. ज्या नावाला उचकी थांबेल ते माणूस. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चार दिवस असताना फर्मागुडीच्या चढणीवर आमच्या गाडीला उचकी लागली, तेव्हा मागच्या सीटवरून मावशीने सवयीने नावं घ्यायला सुरुवात केली. मामा झाला, आत्या झाली. मी मधेच "भंगारवाला" म्हणून पाहिलं. गाडीने आणखी एक गचका दिला. डाव्या अंगाला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाची पाटी दिसत होती, म्हणजे लाज जायची तर अगदी योग्य ठिकाणी.

गाडी १९९७ ची मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवाली. हे मॉडेल डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलं आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आमची साधारण मधल्या काळातली. पंधरा वर्षं भरल्यावर फेरनोंदणी झाली, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. दर वेळी घरातले म्हणतात "आता पुरे", आणि दर वेळी मी कागद घेऊन आरटीओत जातो. यात निष्ठा किती आणि चिकूपणा किती, हे मीही कधी मोजलेलं नाही.

गॅरेजच्या भाषेत याला मिसिंग म्हणतात. "गाडी मिसिंग मारते." म्हणजे इंजिन बंद पडत नाही, पण सगळे सिलिंडर कामावर नसतात. हा हिशेब मी एकदा कागदावर मांडला होता. इंजिन जागेवर उभं असताना मिनिटाला नऊशे फेरे घेतं असं धरा. हवा ओढणं, दाबणं, पेटणं, धूर बाहेर टाकणं या चार धावांना दोन फेरे लागतात. म्हणजे एकेक सिलिंडर मिनिटाला साडेचारशे वेळा पेटतो आणि तिघांचे मिळून साडेतेराशे स्फोट होतात. दादऱ्यासारखी लय धरून चालतं ते. चार टाळकऱ्यांतला एक पेंगला तर भजन निभावून जातं. तिघांतला एक पेंगला की देवळाबाहेर चपला राखणाऱ्यालाही कळतं. आमची गाडी सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग, आरसा, आरशाला टांगलेला गणपती आणि मावशीचा चष्मा, सगळं एकाच लयीत थरथरायचं.

मग सल्ले. म्हार्दोळला आमच्या वाड्यावर गाडी न चालवणारेही मेकॅनिक आहेत. कुणी म्हणालं पेट्रोलात पाणी. कुणी म्हणालं हल्ली पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल घालतात, जुन्या गाडीचं रबर ते खातं. कुणी कार्बोरेटर खोल म्हणालं. मी कार्बोरेटर साफ करून घेतला, एअर फिल्टर बदलला आणि शेवटी स्वतःच ठिणगी पाडणारे तिन्ही प्लग काढून नवे बसवले. पैसे गेले, मिसिंग तसंच राहिलं.

त्यात मी एक मूर्खपणा केला, जो नंतर गॅरेजवाल्या मेस्ताने मला चारचौघांत ऐकवला. काढलेल्या प्लगांपैकी दोन दुधाच्या चहासारख्या तपकिरी रंगाचे होते. तिसरा काळा, ओला, आणि नाकाशी नेला तर पेट्रोलचा भपकारा. मी तिन्ही प्लग वर्तमानपत्रात गुंडाळले आणि डिकीत टाकले.

"काळो प्लग खंयच्या बुराकांतलो?" मेस्ताने विचारलं.

कुठल्या भोकातला, ते मला आठवेना.

डॉक्टरकडे जाताना रिपोर्ट रद्दीत घालून जावं, तसं झालं होतं. प्लगचा रंग म्हणजे त्या सिलिंडरची जीभच. तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. काळा तेलकट चिकटा असेल तर रिंगा झिजून इंजिन ऑइल वर येतंय, आणि तो खर्च ऐकायला बसूनच घ्यावं. प्लग ओला असून पेट्रोलचा वास मारत असेल तर पेट्रोल पोचलं, ठिणगी नाही पोचली. म्हणजे अर्धं निदान माझ्या हातात होतं, आणि मी ते डिकीत टाकलं होतं.

मेस्ताचं गॅरेज फोंड्यात, पत्र्याखाली. तो निदान कोकणीत करतो, मी काळजी मराठीत करतो, आणि बिल दोघांनाही कळतं. बॉनेट उघडण्याआधी तो मागे गेला आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर तळवा धरून उभा राहिला. फुप्‌, फुप्‌, मग एक पोकळ झुळूक. पुन्हा फुप्‌, फुप्‌, झुळूक. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी त्याची नजर कुठेतरी तिसरीकडेच होती. मग पुढे येऊन इंजिन चालू ठेवूनच रबरी मुठीच्या पक्कडीने त्याने पहिल्या प्लगची वायर उपटली. गाडी आचके देऊन बंद पडायला आली. वायर परत बसवली. दुसरी काढली, पुन्हा तेच, इंजिनाचा जीव कासावीस. तिसरी काढली. काही नाही. तीच थरथर, तोच आवाज. वायर आहे काय आणि नाही काय.

"मास्तर, तिसरो न्हिदला," मेस्त म्हणाला.

ज्याला काढल्याने काहीच फरक पडत नाही, तोच गुन्हेगार. ही पद्धत मला इतकी आवडली की पुढचे दोन दिवस मी आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीकडे वेगळ्याच नजरेने बघत होतो.

पण तिसरा का झोपला, हे अजून कळायचं होतं. मेस्ताने पहिल्याचा प्लग तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा पहिल्याला लावला. दुखणं प्लगबरोबर पहिल्याकडे गेलं असतं तर प्लग खराब. ते तिसऱ्यातच राहिलं. वायरी बदलून पाहिल्या, तरी तिसऱ्यातच. वायरींबद्दल मला आधीच थोडा भरवसा होता, कारण आदल्या रात्री वीज गेली असताना मी अंधारात बॉनेट उघडून बघितलं होतं. वायरीचं आवरण फुटलं असेल तर अंधारात निळ्या ठिणग्या काजव्यांसारख्या उडताना दिसतात. मला काजवे दिसले नाहीत, फक्त डास चावले.

मग त्याने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. उलटी धरली तर अगदी गाईची कास दिसते ती, तिघांना वाटणारे तीन सड आणि मधे कॉइलकडून येणारा चौथा. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमधून हजारो व्होल्ट होऊन या मधल्या सडातून उतरतात, आणि आत फिरणारा रोटर ते पाळीपाळीने वाटतो. मेस्ताने टोपी उजेडात तिरकी धरली. "पळयात." मला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं. तिसऱ्या टोकापासून कडेपर्यंत केसाएवढी काळी रेघ, पेन्सिलीने कुणी चुकून ओढावी तशी. बारीक तडा गेलेला, त्यात ओल शिरलेली, आणि ओलीच्या आधाराने विजेने स्वतःची पायवाट पाडलेली. प्लगपर्यंत जाऊन दाबलेल्या हवेतून उडी मारण्यापेक्षा इथूनच धातूला जाऊन मिळणं तिला सोपं. एकदा पायवाट जळून कोळशाची झाली की मग टोपी सुकवली तरी वीज त्याच वाटेने जाते. आमच्या शाळेच्या मैदानातून तिरकी वाट पडली होती, तिच्यावर दोनदा काटे घातले तरी ती मोडली नाही, तसं.

मेस्त टोपी पुसत थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. "इंजिनाक न्हाणयलें तुमी?"

होय, न्हाणयलें. चवथ जवळ आली की गोव्यात सगळंच धुतात. तांब्याला चिंच लागते, भिंतींना रंग लागतो, आणि मी त्या उत्साहात बॉनेट उघडून पाइप सोडला होता. वर्तमानपत्रं पावसाने शंभर इंच ओलांडल्याच्या बातम्या देत होती. एवढ्या पावसात बिचाऱ्या इंजिनाने स्वतःला कोरडं ठेवलं होतं, आणि मी त्याला अभ्यंगस्नान घातलं. तडा जुना असेल, पण त्याला पाणी मी पाजलं.

भाच्याला हे सांगितलं तर तो हसला. त्याच्या गाडीत स्कॅनर लावला की पी ०३०३ असा कोड येतो, शेवटचा आकडा सिलिंडरचा. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकू लागला की गाडी ताबडतोब थांबवायची, नाहीतर न जळलेलं पेट्रोल मागे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. सोय चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण तिसरा झोपला एवढंच तो आकडा सांगणार. का झोपला, हे बघायला टोपी उजेडात तिरकी धरणारा कुणीतरी लागतोच. भाचा म्हणाला, "आमच्या गाडीत टोपीच नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नवी टोपी आणि नवा रोटर बसला. मेस्ताने पातळ भाजी-पाव खाऊन होईपर्यंत इंजिन चालूच ठेवलं. आरशातला गणपती निश्चल होता.

तिथूनच माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या, बाजारात गेलो. कवंडळं, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचं शिपटं, नारळ, मावशीने अर्धी डिकी भरली आणि घासाघीस पूर्ण केली. परतताना पाऊस लागला. फर्मागुडीच्या चढणीला मी काच थोडी खाली केली आणि कान बाहेर लावून बसलो. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सलग चढत होती. अर्ध्या चढणीवर मागून आवाज आला, ठक्‌. थोड्या वेळाने पुन्हा, ठक्‌. माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला.

"चालव रे तू," मावशी मागून म्हणाली, "नारळ घरंगळतोय."