घणाखालची सुरी

शनिवार, रात्री

सुरी एकदाची हातात आली. पात्याला अजून जळक्या तेलाचा वास येतोय आणि मूठ नुकतीच घासलेली असल्यामुळे बोटांना बारीक भुसा लागतोय. आई म्हणते, भाजी चिरायला घरात काय सुऱ्या नाहीत का? आहेत. पण ही डोंगरात न्यायची.

मिरग जवळ आला की नसरापूरच्या आसपास रस्त्याकडेला घिसाड्यांची, म्हणजे फिरत्या लोहारांची, पालं पडतात. पेरणीच्या आत विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून नवी धार काढून, घ्यायला आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात. राजगडला जाता-येता गाडी थांबवून मी बघत उभी राहायचे. या वर्षी पुठ्ठ्याचा नमुना कापून घेऊनच गेले, आणि आज सकाळी माझ्यासमोर काम झालं.

सगळा कारखाना म्हणजे जमिनीतला एक खड्डा, हाताने फिरवायचा पंखा, अर्धी मातीत गाडलेली ऐरण आणि वर ताडपत्री. ताडपत्री उन्हाच्या त्रासासाठी लागतेच, पण त्याहून जास्त रंगासाठी लागते. भर उन्हात तापलेलं लोखंड नुसतं काळपट दिसतं. सावलीत ते लाल आहे, नारिंगी आहे की पिवळं व्हायला लागलंय हे कळतं, आणि या लोकांचा थर्मामीटर म्हणजे तो रंगच.

माझ्या नमुन्यातलं पातं पाच इंची, टोकाला अगदी निमुळतं, दिसायला झोकदार. पालातल्या घिसाडी काकांनी पुठ्ठा उलटसुलट पाहिला आणि टोकाचा बोटभर भाग अंगठ्याने झाकला. "एवढं टोक ठेवलं तर मोडून परत आणाल, ताई. तुम्ही ते लाकडात खुपसणार आणि मग पिळणार." मी पिळणार होतेच. त्यांनी टोक आखूड केलं, धारेच्या पोटाला जरा जास्त गोलाई दिली आणि मुठीजवळ पातं रुंद ठेवलं. नमुना माझा होता असं आता फार ताणून म्हणावं लागेल.

लोखंड म्हणजे भंगारातल्या गाडीचा कमानपाटा, चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी. पोलादाच्या नावांवरून तासन् तास वाद घालणारे मित्र मलाही आहेत, आणि त्यांच्या लेखी हे अगदीच गावठी. पण कमानपाट्यात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, शिवाय मँगनीज आणि बहुतेक वेळा सिलिकॉन किंवा क्रोमियम. खड्ड्यांतून वर्षानुवर्षं वाकायचं आणि परत सरळ व्हायचं, हेच त्याचं काम. लाकूड फोडताना सुरी नुसती कडक असून चालत नाही, ती चिवट लागते. धार महागड्या पोलादाइतकी टिकणार नाही, मान्य. पण डोंगरात पात्याचा तुकडा उडण्यापेक्षा धार जरा लवकर गेलेली परवडली.

काका सांडशीत पाटा धरून लहान हातोड्याने जागा दाखवतात आणि पालातल्या मावशी घण मारतात. घिसाड्यांत घण बहुतेक वेळा बाईच्याच हातात असतो. मावशी बोलत जवळपास नव्हत्याच. एकदाच थांबल्या आणि म्हणाल्या, "गार झालं, बास." पाटा मला तरी अजून लालसरच दिसत होता. काकांनी मान हलवली आणि तो परत भट्टीत टाकला. मी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "घण उडायला लागतो." गरम लोखंड घाव पोटात घेतं. निवायला लागलं की तेच लोखंड घण परत फेकतं, आणि तसंच ठोकत राहिलं तर आत डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. म्हणजे पात्याचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय सांडशीवाल्याच्या आधी घणवालीच्या मनगटाला कळतो. "लोहाराने बनवली" असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर एकटा पुरुष येतो, ते इथे तरी खरं नाही.

पाणी द्यायची, म्हणजे तापलेलं पातं एकदम गार करून कडक करायची, वेळ आली तेव्हा मात्र काकांनी पाण्याची बादली बाजूला सारली आणि जळक्या तेलाचा डबा ओढला. विळ्याला पाणी चालतं, पाटा पाण्यात तडकतो, म्हणाले. पूर्ण पातं बुडवलं नाही. धारेची बाजू तेवढी तेलात, पाठ बाहेर. भसकन धूर झाला. मग पातं बाहेर काढून विटेच्या तुकड्यावर धार घासून चकचकीत केली आणि तशीच माझ्यासमोर धरली. "आता बघा."

पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडे सरकत होती आणि तिच्यापुढे रंग पळत होते. आधी फिकट गवती पिवळा, त्याच्या मागे तपकिरी, मागे जांभळट, आणि पाठीला लागून निळा. हे रंग म्हणजे पोलादाच्या अंगावर चढलेला ऑक्साईडचा पातळ थर. फिकट पिवळा येतो सव्वादोनशे अंशांच्या आसपास आणि निळा तीनशेच्या. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक पण ठिसूळ राहते. निळा धारेपर्यंत पोचू दिला तर ती स्प्रिंगसारखी मऊ होते. तपकिरी रंग धारेला टेकला न टेकला तोच काकांनी पातं परत तेलात घातलं. हे सगळं मिनिटाच्या आत. मी मोबाइल काढेपर्यंत संपलंसुद्धा.

मूठ बाभळीची. पात्याची शेपटी तापवून लाकडात जाळत घुसवली, भोकात लाख भरली आणि तोंडाशी पितळी शेंबी, म्हणजे कडं, ठोकली. मूठ गोल नको, लांबट अंडाकृती हवी, एवढं माझं ऐकलं. गोल मूठ ओल्या हातात फिरते आणि अंधारात धार कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही.

सहाशे रुपये मागितले, तेवढेच दिले.

रविवार

मैत्रिणीच्या शेतावर, सिंहगडाच्या पायथ्याला. चुलीपाशी बसून सुरीची परीक्षा.

आधी कानस फिरवून पाहिली. पाठीला कानस चावते, धारेवरून घसरते. म्हणजे पाठ मऊ, धार कडक. ते रंग नुसते दिसण्यापुरते नव्हते तर.

वजन पाव किलोच्या आत असावं. तर्जनीवर तोलली तर शेंबीच्या जरा पुढे तोल सापडतो, म्हणजे पात्याकडे किंचित जड. सुकलेली करवी एका घावात तुटते. सुबाभळीच्या मनगटाएवढ्या ओंडक्यावर पातं ठेवून पाठीवर सोट्याने ठोकलं, तर ओंडका सरळ दुभंगला. पावसाळ्यात याचाच उपयोग. लाकूड बाहेरून भिजलेलं असलं तरी गाभा कोरडा असतो, आणि त्या गाभ्याच्या कुरळ्या सोलपट्या काढता आल्या तर चूल पेटते. सोलपट्या काढताना काकांनी वाढवलेलं ते पोट कामाला आलं. माझ्या सरळ पात्याने इतक्या पातळ निघाल्या नसत्या.

स्वयंपाकात मात्र ती धटिंगण आहे. पाठ चार मिलिमीटर जाड, त्यामुळे गाजर चिरलं जात नाही, फुटतं. कांदा ठीक. टोमॅटोला साल कापताना एक क्षण विचार करते, मग जाते. लिंबाच्या पातळ चकत्या विसरायच्या.

मग कैरी चिरली. खारातली कैरी खायची आम्हाला हौस. पाच मिनिटांत पात्यावर निळसर काळे डाग उमटले, आणि पहिल्या फोडींना लोखंडाची चव आली. मैत्रिणीच्या सासूबाई हसल्या. त्यांची जुनी विळीही केळफूल चिरल्यावर अशीच काळी व्हायची. हा काळा रंग घासून काढू नको, म्हणाल्या. बरोबरच आहे. तो डाग धातूला धरून बसतो आणि लाल गंजाला थोडाफार अडवतो. लाल दिसला की मात्र त्याच दिवशी काढायचा.

येताना बसमध्ये सुरी कागदात, मग टॉवेलात, मग सॅकच्या तळाशी. वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' वाचून वाचून पुण्यात पात्याकडे लोक फार वेगळ्या नजरेने बघायला लागलेत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. कायद्याचं म्हणाल तर २०१६च्या शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. माझी दोन्ही मापांत खूप आत आहे. तरीही कमरेला लटकवून गावातून हिंडायची वस्तू नव्हे ही. ट्रेकला कमरेला सुरी लावून फोटो काढणारी मंडळी मला बघवत नाहीत.

बुधवार

म्यानाचं काम कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या एका ओळखीच्या दादांना दिलं. त्यांचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, जाड आणि ताठ. त्यांनी न सांगता शिवणीच्या आत चामड्याची आणखी एक पट्टी घातली, नाहीतर सुरी आत सारताना धार पहिल्यांदा दोराच कापते. छान झालंय, पण सुरी त्यात मुक्कामाला ठेवायची नाही. चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं, आणि जुलैत आमच्या घरात भिंतीसुद्धा घाम गाळतात. म्यान फक्त प्रवासापुरतं. घरी सुरी उघडी, खोबरेलाचं बोट फिरवून. शेंगदाण्याचं तेल लावलं तर काही दिवसांनी चिकट थर जमतो, खोबरेल तसं पटकन खवट होत नाही. थंडीत गोठेल, गोठू दे.

आज उजेडात नीट पाहिली तर डाव्या अंगाला घणाचा एक उथळ खळगा राहिलाय, आणि पाठीवरून नजर लावली तर पातं टोकाकडे केसभर उजवीकडे झुकतं. खळगा राहू दे. झुकाव कापताना जाणवत नाही. खटकतंय ते एकच. मूठ माझ्या पंजाला थोडी जाड आहे, काकांनी ती स्वतःच्या हाताच्या मापाने केली. हे काम मी घरीच करणार, काचेच्या तुकड्याने खरवडून आणि पॉलिश पेपरने घासून. मग जवस तेलाचे हात.

पालं पाऊस लागेपर्यंत तिथेच असतील असं मावशी म्हणाल्या होत्या. त्याआधी जाऊन दुसरी एक सांगायची आहे, फक्त स्वयंपाकासाठी, पाठ दोन मिलिमीटरची. या वेळी पुठ्ठा नेणार नाही. काय काय चिरायचं ते सांगेन, आकार त्यांनीच ठरवावा.