हायड्रोजनच्या परवानगीचे पाच आठवडे

लॅन्थॅनम धातूचा एक अणू, निकेलचे पाच, असं हायड्रोजन शोषून घेणारं संयुग. हे संयुग वितळवायला मला दोन दिवस लागले आणि त्याला हायड्रोजन द्यायची परवानगी मिळवायला पाच आठवडे. एमएस्सीच्या प्रकल्पाला हा विषय घेणार असाल, तर धातूची ऑर्डर देण्याआधी गॅसचा अर्ज टाका.

आर्क फर्नेसमध्ये (विजेच्या ठिणगीच्या भट्टीत), आर्गॉनखाली, दोन्ही धातूंची गोळी उलटून पाच वेळा वितळवली. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या तपासणीत) स्फटिकाची षटकोनी रचना स्वच्छ दिसली. निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्यांत याच कुळातली मिश्रणं असतात.

मग सुरक्षा समितीचा फॉर्म. ‘सिलिंडरांची संख्या’ या रकान्यात मी ‘एक’ लिहिलं आणि तिथंच अडकलो. पहिल्यांदा शेरा आला, सिलिंडर इमारतीबाहेर जाळीत हवा. दुसऱ्यांदा, गळतीचा सेन्सर हवा. तिसऱ्यांदा सही करणारे साहेब रजेवर. सेन्सरला प्रकल्पात पैसे नव्हते. सबमिशनची तारीख जवळ येत होती आणि रोज त्या खिडकीवरून “उद्या या” ऐकून परत फिरताना डोकं भणभणायचं. त्यांची भीती खोटी नव्हती, पण गॅस लागणार किती, हे कोणीच विचारलं नाही. शेवटी मीच हिशेब मांडला. हे संयुग वजनाच्या साधारण 1.4 टक्के हायड्रोजन घेतं. माझ्या 5 ग्रॅमला 70 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरभरसुद्धा नाही. मोठ्या सिलिंडरात, साध्या दाबाला मोजला तर, सुमारे 7,000 लिटर असतो! अर्ध्या पानाचा हा हिशेब जोडून, शेजारच्या विभागात गॅस क्रोमॅटोग्राफला (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राला) लावलेला छोटा हायड्रोजन जनरेटर वापरू द्या, असा नवा अर्ज केला. त्याच दिवशी दुपारी सही झाली.

हो, लॅन्थॅनम तेलात बुडवूनच ठेवा, आणि वजन करण्याआधी कानशीनं चकचकीत करून घ्या. हवेत ते पांढरं पडून भुगा होतं.

जनरेटरचा दाब 5 बारच्या आसपास. 25 अंशांना या संयुगाला 2 बार पुरतात, पण मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये 37 अंश होते आणि तेवढ्या तापमानाला 3 च्या वर लागतात, म्हणजे हाताशी फरक थोडाच. गोळी ठेवलेली नळी आधी निर्वातात तापवली, मग म्हणूनच बर्फाच्या पाण्यात धरली. बराच वेळ काहीच हललं नाही. सरही येऊन उभे राहिले. मग दाबाच्या गेजचा काटा खाली आला, आणि बर्फातली नळी हाताला कोमट लागली.

नळी उघडण्याआधी हायड्रोजन पूर्ण काढा, बारीक पूड हवेत तापते. माझ्या गोळीचं आकारमान हायड्रोजन घेताना पाव पटीनं वाढलं होतं. त्यानं ती फुटून आत फक्त करडी पूड उरली होती.