तुम्ही विचारलंत म्हणून: नवरा तिकडे, मी नाशकात

हो, आमचं ठीक आहे. भांडण नाही, सोडचिठ्ठी नाही. गंगापूर रोडवर भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे एकच प्रश्न: नवरा ग्रीन कार्डवर अमेरिकेत, आणि तू लेकीला घेऊन इथे का? तोही आवाज खाली आणून विचारतात, त्याचा मला जास्त त्रास होतो. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

लेक माझ्या धाकट्या बहिणीची, हे तुम्हाला ठाऊक आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत बहीण गेली, तेही तुम्ही पाहिलंत. पुढच्या वर्षी आम्ही बाळाला 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तक घेतलं. आई हयात नसेल तर बापाला एकट्याला मूल दत्तक देता येतं. मेहुण्यांनी तिला माझ्या ओटीत घातलं आणि दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्राची नोंदणी झाली. मेहुण्यांनी अमेरिकेवर डोळा ठेवून पोर दिली, अशी कुजबुज माझ्या कानावर आली आहे. तिथला कायदा स्वच्छ सांगतो की मूल दत्तक गेलं, की जन्मदात्या आईबापांना त्या नात्याने तिथे येण्याराहण्याचा कसलाही हक्क मिळत नाही. बाळाला माझ्या हातात देताना त्या माणसाचे हात कसे कापत होते ते मी पाहिलंय. कृपा करून हे बोलणं थांबवा.

आमचं दत्तकपत्र इथे पक्कं आहे. तिथे मात्र तेवढ्याने भागत नाही. ग्रीन कार्डवाल्यांच्या दत्तक मुलाचा अर्ज चालायचा असेल, तर सोळा वर्षांच्या आत दत्तक झालेलं लागतं, शिवाय दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं. तोवर मुलीला तिथे नेता येत नाही, म्हणजे राहायचं इथेच. ‘कारातून (दत्तकाची केंद्र सरकारी संस्था) रीतसर का नाही केलंत?’ असं विचारणाऱ्यांना सांगते, देशादेशांमधल्या दत्तकासाठीच्या हेग करारातली ती वाट अमेरिकी नागरिकांना आहे. भारत त्यात 2003 पासून आहे, अमेरिकेत तो 2008 पासून लागू झाला. त्यात आधी तिथली मंजुरी, काराचं ना-हरकत, आणि मग दत्तक, हाच क्रम लागतो. आम्ही नागरिक नव्हतो. ग्रीन कार्डानंतर नागरिकत्वाला साधारण पाच वर्षं लागतात. आईविना राहिलेलं बाळ तोवर कोणाकडे ठेवायचं होतं?

आणि ‘टुरिस्ट व्हिसावर घेऊन जा, पुढचं पुढे बघू’ हे तर एका सल्लागाराने पैसे घेऊन सांगितलं. कायम राहायला न्यायची मुलगी फिरायला येतेय म्हणून अर्जावर लिहायचं, आणि ते खोटं तिच्या नावावर जन्मभर ठेवायचं. मी उठून आले.

तेव्हा मला वाटायचं, दोन वर्षं काय, बघता बघता जातील. माझंही ग्रीन कार्ड होतं. ते राखून अमेरिकेबाहेर जास्त दिवस राहता यावं म्हणून रीएंट्री परमिट काढलं, ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. दोन वर्षं भरली, नवऱ्याने अर्ज टाकला. पण ग्रीन कार्डवाल्यांच्या नवरा-बायको-मुलांच्या या गटाचे व्हिसा दरवर्षी ठरावीकच असतात आणि 2023 पासून रांग पुन्हा लांबली आहे. परमिट संपत आलं, रांग सरकेना. कार्ड टिकवायला मी एकटी गेले. लेक आजीपाशी.

विमानतळावर मला आतल्या खोलीत बसवलं. फोन बंद करायचा. भिंतीशी खुर्च्यांची ओळ, माझ्याआधी एक म्हातारं जोडपं, त्यांच्या मांडीवर औषधांची पिशवी. नवरा बाहेर माझा जाड कोट घेऊन उभा होता, त्याला आत काय चाललंय ते कळत नव्हतं. नाशकात तेव्हा मध्यरात्र. निघताना लेकीला ताप होता, तो उतरला का हे विचारायची सोय नव्हती. अधिकाऱ्याने परमिटची पानं सावकाश उलटली आणि विचारलं, तुम्ही राहता कुठे? माणूस उद्धट नव्हता, प्रश्नही साधा. पण नाशिक म्हणावं तर कार्ड धोक्यात, अमेरिका म्हणावं तर लेकीच्या अर्जात मी काय लिहून दिलं होतं? मी लेकीजवळ राहते, असंच ना? त्यावर तर तिचा अर्ज उभा होता. मी म्हटलं, माझी मुलगी नाशकात आहे, मी तिच्याजवळ राहते. तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. मग शिक्का मारून म्हणाला, पुढच्या वेळी कायम राहायचं असेल तरच या.

काही आठवड्यांत परत आले. कार्ड सोडल्याचा फॉर्म मी स्वतः भरला, कोणी जबरदस्ती केली नाही. नवरा त्या दिवशी फोनवर फार बोलला नाही.

या नियमावर मी खूप चिडलेय. आता चिडताना अडखळते. व्हिसासाठी कागदोपत्री दत्तक दाखवणारे लोक असतात, मुलांची विक्री होते, आणि ‘दोन वर्षं खरोखर सांभाळून दाखवा’ ही अट त्यांच्यासाठी आहे, हे मला पटतं. पण मग दाखवल्यावर तरी रांगेत का उभं करता? मुलगी तिथे कायमची राहायला गेली आणि अठराच्या आत बाप नागरिक झाला, तर 2001 पासून लागू असलेल्या कायद्याने ती आपोआप नागरिक होते. तिथवर पोचायचं कसं, एवढंच अडलंय.

आता नवऱ्याने माझाही अर्ज टाकलाय. लेकीच्या अर्जाची तारीख माझ्या आधीची आहे, आणि रांगेत नंबर त्या तारखेनेच लागतो. तिचा नंबर आधी लागला तर ती बापाकडे जाऊ शकते, मी नाही. नवरा म्हणतो, पाठव, तिचं शाळेचं वय आहे, तू मागून येशील. मी म्हणते, ज्या एकत्र राहण्यावर सगळं उभं केलं तेच मोडायचं का? तो म्हणतो, मग मी काय करू, नोकरी सोडून येऊ? यावर आमचं एकमत झालेलं नाही. सासूबाई दोघांचंही ऐकून घेतात आणि कोणाचीच बाजू घेत नाहीत. तिची तारीख कधी येते ते अमेरिकी सरकारच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये मी पाहते, आणि ती पुढे सरकावी की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.