आमची वाटचाल: गिरगावातून, पायी आणि खातखात

आमचा धंदा काय, तर लोकांना मुंबईत चालवायचं आणि मधेमधे खायला घालायचं. आईला सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला, म्हणे हॉटेलात जायला बरोबर माणूस कशाला लागतो? पहिलं वर्षभर गिऱ्हाईकंही फोनवर हेच विचारायची. मी ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढायचो, तिथे कपात झाली, हातात आलेल्या पैशातून एक गळ्यात अडकवायचा माईक घेतला (तो आता माळ्यावर आहे), हजार व्हिजिटिंग कार्डं छापली आणि केलं सुरू.

सुरुवातीला मी नुसता जुन्या हॉटेलांच्या नावांच्या मागे होतो. लिओपोल्ड १८७१ चं, कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं, बडेमियाँ १९४६ चं, सगळं एकाच फेरीत बसवलेलं. आता ब्रिटानिया तेव्हा दुपारच्या जेवणापुरतंच उघडायचं आणि ताजच्या मागे बडेमियाँच्या शिगा तापायच्या संध्याकाळनंतर, म्हणजे बेरी पुलाव आणि सीख कबाबच्या मधे पाच तास लोकांना फिरवायचं कुठे? पहिल्या बॅचला मी गेटवेवर बसवून ठेवलं होतं, कबुतरं बघत. दोघांनी पैसे परत मागितले, दिले.

खरा दणका बसला तो फोर्टातल्या एका हॉटेलात, नाव सांगत नाही कारण चूक माझीच होती. ऐन एकच्या गर्दीत चौदा माणसं घेऊन शिरलो, चार टेबलं अडवली, मागवलं काय तर दोन कस्टर्ड आणि पाच चहा, बाकी सगळे फोटो काढतायत आणि मी माईकवरून इराणी हॉटेलांचा इतिहास सांगतोय. गल्ल्यावरच्या काकांनी खुणेने बोलावलं. म्हणाले, तू यांच्याकडून डोक्यामागे किती घेतोस? मी सांगितलं. म्हणाले, आणि मला या चार टेबलांचे किती मिळाले ते तूच मोज. दारात ऑफिसवाल्यांची रांग उभी होती, जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची. मला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

त्या दिवसापासून सहाच्या वर माणूस घेत नाही, माईक बंद, आणि खाण्याचे पैसे आमच्या फीमधे धरत नाही. ज्याने त्याने आपलं मागवायचं, आपलं बिल द्यायचं. फायदा कमी झाला, बायको हिशोब बघते ती दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हती, पण हॉटेलवाले आता आम्हाला बघून तोंड फिरवत नाहीत.

मग गिरगाव धरलं, जिथे मी वाढलो. सकाळी विनय हेल्थ होमची मिसळ, मग खोताची वाडी. तिथे घरं लाकडी, जुनी, गल्ली इतकी चिंचोळी की कुणाच्या व्हरांड्यात आजोबा पेपर वाचत असले तर आपण त्यांच्या घरातूनच चाललोय असं वाटतं, म्हणून तिथे मी आधीच सांगतो, आवाज खाली आणि मोबाईल खिशात. अनंताश्रम कुठेय हे साठीच्या पुढचे लोक हमखास विचारतात. ते जेवणाचं ठिकाण बंद होऊन जमाना झाला, तरी दार बघायला थांबतात आणि तिथल्या माशाच्या ताटाबद्दल एकमेकांनाच सांगत बसतात, मला काही बोलावंच लागत नाही. शेवटी धोबीतलावला कयानी. ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, पहिल्यांदा खाणारा माणूस लगेच ओळखू येतो, तो पाव थेट चावायला जातो, टाळू सोलवटतं, मग मागे वळून बघतो. अरे, बुडव चहात! कडक कवच भिजेपर्यंत दम धरायचा, वरचं लोणी चहावर तरंगू द्यायचं.

२०१७ नंतर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले आणि गिरगावचा रस्ता निम्मा झाला, वर्षानुवर्षं आम्ही शाळेच्या पोरांसारखे एका रांगेत चाललो. २०२० बद्दल लिहिण्यासारखं काही नाही, दोन वर्षं आईचा गोडा मसाला विकला, त्यावर घर चाललं, आणि हे ती अजून ऐकवते.

रमजानात मिनारा मशिदीच्या गल्लीत रात्रीची फेरी असते, एक मालपुवा तिघांत, फिरनी मात्र प्रत्येकाचं वेगळं मातीचं भांडं. या फेरीला बायकाच जास्त येतात, एकटीने रात्री यायचं राहून गेलेल्या.

सध्या माटुंग्याची फेरी बसवतोय. कॅफे मद्रास, रामाश्रय, हे सगळं उभ्याउभ्या चार घासांत होतं, पण रामा नायक यांच्याकडे केळीच्या पानावर बसलं की माणूस उठतच नाही. आधी ते पहिलं ठेवलं होतं. ट्रायलला सहाही जण जेवले, पहिल्या मजल्यावरून जिना उतरले, समोर स्टेशन दिसलं आणि सरळ ट्रेन पकडून घरी गेले.